चेंडू उजवीकडेच का जातो

कपाचा कान तुटला आणि त्यांची ओळख झाली.

बाबा आपला चष्मा गोल्फच्या मैदानावर विसरून आले होते. तो आणायला ती आपल्या चष्म्याच्या दुकानातून तशीच धावत गेली. चष्मा बाकावर सापडला. शेजारी कुणाची तरी काठी टेकवलेली, पुढ्यात पांढऱ्या चेंडूंची टोपली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिने काठी उचलली, बाबा घरी छत्री घेऊन करतात तसा आव आणला आणि दणका दिला. चेंडू समोर जायचा सोडून उजवीकडे सुटला, आणि छपराखाली चहा पीत उभ्या असलेल्या तरुणाच्या कपाचा कान घेऊन गेला.

"लागलं का हो?" ती धापा टाकत पोचली.

"मला नाही, कपाला." तो बोटांत उरलेला कान निरखत होता. "काठी एवढी आवळून धरलीत... ती काय पळून जाणार होती?"

"आणि तुम्ही कप एवढा सैल का धरलात?"

तो हसला. हसताना त्याची नजर आधी खाली जाई आणि मग हळूच वर येई... तिने उगीचच बाबांचा चष्मा पुसायला घेतला.

तो मैदानावर नव्याने आलेला शिक्षक निघाला. बाबांना निमित्तच हवं होतं. "शीक," ते म्हणाले. "दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांचे डोळे तपासतेस. सकाळी जरा उन्हात उभी राहा."

शिकवणी सुरू झाली. ती त्याला 'मास्तर' म्हणू लागली, तो तिला 'डॉक्टर'.

"डॉक्टर, चष्म्याची काच कशी धरता? पडू नये इतकी घट्ट, डाग उठू नये इतकी सैल. काठी तशी धरा. आणि फटका बसायच्या आत मान वर करू नका. चेंडू कुठे जातोय ते मी बघतो."

"आणि तुमचं लक्ष नसलं तर?"

"माझं लक्ष इथेच असतं," तो म्हणाला आणि लगेच टोपलीतले चेंडू सारखे करू लागला. "वजनसुद्धा... पुढच्या पायावर येऊ द्या. तुम्ही मागेच रेंगाळता. घराबाहेर निघालेलं माणूस कुलूप लावलं का म्हणून उंबऱ्यात घुटमळतं ना, तसं."

हळूहळू तिला जमू लागलं. एका सकाळी तर चेंडू दोरी लावल्यासारखा सरळ गेला. ती आनंदाने वळली, तर मास्तरांचा चेहरा उतरलेला.

"छान," तो म्हणाला. "आता काय... थोड्या दिवसांत माझी गरज उरणार नाही."

पुढचा चेंडू तिने उजवीकडे घालवला. काही अवघड नव्हतं. ऐन वेळी मनगट किंचित बाहेर वळू द्यायचं, की झालं.

"अरेरे," ती म्हणाली.

"दोष परत आला," तो म्हणाला, आणि त्याला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

त्याच आठवड्यात तो डोळे तपासायला दुकानात आला. पाटीवरचं सगळ्यात मोठं अक्षरही त्याला म्हणे वाचता येईना. यंत्रातून तिने पाहिलं, तर डोळे आरशासारखे लख्ख. तरी ती गंभीरपणे म्हणाली, "थोडा नंबर आहे." साध्या काचांचा चष्मा करून दिला, आणि संध्याकाळी देवापुढे कान पकडले. मग तो चष्मा मास्तरांच्या नाकावरून वरचेवर घसरू लागला आणि ठीक करायला दुकानात येऊ लागला. पण घसरत्या चष्म्याच्या भरवशावर कुणी मनातलं बोलतं का?

एक दिवस बाबा मैदानावरून आले ते तोंड पाडून.

"मैदानाचे मोठे सर मास्तरांवर रागावलेत. म्हणे, इतके दिवस शिकवतोय आणि हिचा एक चेंडू सरळ जात नाही. शनिवारी ते स्वतः बघणार आहेत. फरक दिसला नाही, तर पोराची नोकरी पक्की होणार नाही." मग लेकीकडे न बघता म्हणाले, "गुणी मुलगा आहे. तुझ्यामुळे त्याच्या पोटावर पाय यायला नको गं."

तिच्या हातातला घास हातातच राहिला.

शनिवारी मोठे सर हाताची घडी घालून उभे होते, बाबा बाकावर बसले होते. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि मनापासून फटका मारला. चेंडू उजवीकडे. दुसराही उजवीकडे. आज ती सोंग करत नव्हती. सोंग करता करता हातच त्याला सरावले होते.

"यांनाच का शिकवत होता?" मोठे सर मास्तरांना म्हणाले.

"एक चेंडू अजून, सर." तो तिच्या समोर आला. त्याचा आवाज अगदी हळू झाला. "काच आठवा... मान खाली. कुठे जातो ते मी बघतो."

तिची बोटं सैल झाली. काठी मागे गेली, खाली आली. टक्... तिने मान वर केली नाही. गवताच्या एका पात्याकडे बघत राहिली.

"मधोमध," शेवटी मोठे सर म्हणाले. "येत होतं तर इतके दिवस कुठे लपवलं होतं? ठीक आहे. मास्तर, तुमची नोकरी सोमवारपासून पक्की. पण यांची शिकवणी बंद, यांना शिकवण्यासारखं काही उरलं नाही." आणि ते निघून गेले.

तिचा जीव भांड्यात पडला. मान मात्र खालीच.

"पहिले दोन खरे चुकले ना?" तो म्हणाला. "मी घाबरलोच."

"आणि... आधीचे?"

"आधीचे सगळे एका छापाचे. खरी चूक रोज वेगळी होते, डॉक्टर. तुमची रोज तीच जागा, तेच मनगट."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही सुधारला असतात."

तिला हसू आवरेना. "तुमच्या चष्म्याला नंबर नाही, मास्तर."

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे. घातला काय, काढला काय, तुम्ही तेवढ्याच छान दिसत होतात." तो थांबला. "मान खालीच ठेवा हं, नाहीतर मला बोलता येणार नाही... मला तुमच्याबरोबर आयुष्य काढायचंय. चालेल?"

गवताचं ते पातं हलत होतं... की तिचेच डोळे भरले होते?

"आता वर बघू का?"

"बघा."

तिने बघितलं. त्यालाच, चेंडूला नाही. "सरळ घरी या," ती म्हणाली. "उजवीकडे वळू नका."

बाकावरून बाबांचा आवाज आला, "थर्मासमध्ये चहा उरलाय रे. की मीच संपवू?"

मास्तरांनी तोच कान तुटलेला कप भरून आणला आणि तिच्या पुढे धरला. तिने तो घेतला, पडू नये इतका घट्ट, डाग उठू नये इतका सैल. आणि त्यानेही आपली बोटं काढून घेतली नाहीत.