तळाचे शिंपले

पूर्वेला तांबडे फुटत होते आणि समुद्रात उभ्या असलेल्या शंखकोटाच्या बुरुजांवरच्या तोफा मुक्या होत्या. किल्ल्यातली दारू सरली आहे, ही खबर वेढा घालून बसलेल्या शत्रूला अजून लागली नव्हती, एवढाच काय तो दिलासा.

दारूची पिंपे लादून खाडीच्या मुखातून दोन गलबते किल्ल्याकडे निघाली. एक आरमाराचे प्रमुख येसाजी सारंग यांचे, दुसरे भानजी तांडेलाचे. भानजी वयाने पुष्कळ धाकटा. पण त्याच वाऱ्यावर, कमी वल्हेकऱ्यांनिशी तो सारंगांच्या पुढे निघून जाई. दरबारात त्याचे नाव निघाले की सारंगांच्या पोटात दुखे. त्यांनी हुकमाने त्याचे शीड घेतले, मग निवडक वल्हेकरीही घेतले. तरी भानजी पुढेच.

करामत पाण्याखाली होती. भानजी वरचेवर ओहोटीच्या वेळी गलबत वाळूवर कलते करी, तळाचे शिंपले-शेवाळ खरवडून चुना आणि माशाचे तेल चोपडी. सारंगांनी ते पाहिले होते, आणि हसण्यावारी नेले होते. पावसाळ्याखेरीज गलबत वाळूला टेकवणे त्यांच्या घराण्यात कमीपणाचे मानीत. त्यातून भानजीचे पाहून टेकवायचे, हे तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखे होते.

शत्रूने त्यांना हेरले. सारंगांचे गलबत चिखलातून ओढल्यासारखे चालले होते. भानजी मागे वळला, त्याने दोर फेकला. पण त्या ओझ्याने त्याचीही चाल मंदावली आणि शत्रू तोफेच्या टप्प्यात आला.

सारंगांनी सगळी माणसे दोरावरून पलीकडे धाडली आणि कट्यार उपसली.

"तांडेल, आपले वल्हेकरी परत घ्या. दारू किल्ल्यावर पोहोचलीच पाहिजे."

"सारंग, आपणही यावे. आपल्याला टाकून किल्लेदारांना तोंड कसे दाखवू?"

"आपण दाखवा. आपल्या दोराला बांधून आणलेला सारंग म्हणून मला ते दाखवणे नाही. जन्मभर आपला हेवा केला, तांडेल. तो आता सुटायचा नाही."

त्यांनी दोर कापला, सुकाणू फिरवले आणि भानजीच्याच शिडावर शत्रूच्या मोठ्या गलबतावर जाऊन आदळत आपल्या गलबतातल्या दारूला बत्ती दिली.

दुपारी शंखकोटाच्या तोफा बोलल्या, वेढा उठला. दरबारात सारंगांच्या स्वामिनिष्ठेचा गौरव झाला. त्यांचे शेवटचे बोल विचारले, तेव्हा भानजीने सांगितले, "दारू पोहोचलीच पाहिजे, असे म्हणाले."

पुढे सारंगांच्या गलबताची एक फळी किनाऱ्याला लागली. तिच्यावर बोटभर जाडीचे शिंपले होते. भानजी वाळूत बसला आणि त्याने ते एकेक करून खरवडून काढले.