गुळव्यावर आळ

"आज त्या गुळव्यावरची नजर हलवायची नाही," माधवने अंथरुणातूनच हुकूम सोडला. तो तेरा वर्षांचा होता, आणि नाताळची सुट्टी लागल्यापासून त्याला जो तो चोर दिसत होता.

त्याच्या धाकट्या बहिणीला, नंदिनीला, खरं तर नदीवर जायचं होतं. कोल्हापुरात मास्तरांच्या घरी वाढलेली ही भावंडं बिद्रीला बाळासोमामाकडे आली होती ती गाव बघायला. नदी, उसाचे फड आणि मुख्य म्हणजे मामाचं गुऱ्हाळ! पण त्यांनी पाऊल टाकलं आणि तिथलं सगळंच बिनसलं. परवाचा गूळ बसला नाही, कालचाही नाही. काहिलीच्या मोठ्या कढईतून निवायला वाफ्यात ओतलेल्या पाकाची ढेप होईना, तो चिखलासारखा लिबलिबीतच राहिला. महाराजांनी कोल्हापुरात वसवलेल्या गुळाच्या नव्या पेठेत असला गूळ कोण हातात धरणार?

मामाच्या चुलत्यांनी, गणपतरावांनी, चोरही ठरवून टाकला होता. जन्मभर शहरात कारकुनी करून ते यंदाच गावी परतले होते आणि येईल त्या पाहुण्याला हौसेने गुऱ्हाळ दाखवत होते. इलाही फितूर झालाय, दुसऱ्या गुऱ्हाळवाल्याने त्याला फोडलंय, असं ते चारचौघांत बोलले. इलाही म्हणजे इथला गुळव्या, पाक कधी उतरवायचा ते ठरवणारा. पंधरा वर्षं तो मामाचा गूळ करत होता. पण आता मामाही डगमगला. आजचा गूळ बिघडला तर उद्या आपली वाट धर, असं त्याने इलाहीला सांगितलं. असा हाकललेला गुळव्या पंचक्रोशीत कुणाच्या दारात उभा राहणार?

भावंडं उसाच्या मोळ्यांमागे दबा धरून बसली. थोड्या वेळाने इलाहीने एका घमेल्यात हात घातला आणि काहीतरी हिरवट, बुळबुळीत काढून काहिलीत सोडलं.

"सापडला!" माधव कुजबुजला. नंदिनीला ते पटेना, कारण तो माणूस तिला आवडला होता.

"काय सापडलं?" मागे इलाहीची मुलगी रोशनबी उभी होती. नंदिनीच्याच वयाची, पण रागाने लाल झालेली. "रानभेंडी हाय ती. तिच्या चिकानं रसातली मळी वर येती. माझं अब्बा काय इख घालत्यात व्हय? तुमीबी तसलंच निघालासा."

नंदिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी म्हणून ती रोशनबीबरोबर गाळायचं कालचं फडकं धुवायला बसली. घाण्यातला रस पिंपात साठायचा आणि या फडक्यातून गाळून काहिलीत जायचा. फडक्यात चिपाडांचे तुकडे होते, आणि त्यांत चार-पाच पांढरट बिया.

"रोशन, उसाच्या रसात बिया कशा?"

रोशनबीने एक बी चावली आणि तोंड वाकडं केलं. "लिंबाची हाय की ही! आंबट पडलं की पाक मोडतो, गूळ बसतच न्हाय. अब्बा तर काहिलीपाशी लिंबू आणूबी देत न्हाईत."

मग लिंबू आलं कुठून? माधवही जवळ आला होता; तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. भावंडं आल्यापासून रोज दुपारी गणपतराव रसाची बादली आंब्याखाली नेत, तिच्यात आलं-लिंबू घालत आणि पाहुण्यांना आग्रहाने पाजत. नंदिनीने काल चार पेले रिचवले होते. तरी बादली अर्धी उरली होती. तो उरलेला रस जात कुठे होता?

माधव लगेच मामाकडे धावत निघाला, पण नंदिनीने त्याला अडवलं. पोरांच्या सांगण्यावर मोठी माणसं विश्वास ठेवत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सगळ्यांनी ते डोळ्यांनीच बघायला हवं होतं.

दुपारी तिने गणपतरावांकडे लाडाने लिंबू पिळलेला उसाचा रस मागितला. आजोबा खूश झाले. तिकडे रोशनबीने मामाला आणि इलाहीला काहीबाही सांगून पिंपापाशी आणलं. मुलांनी एकेक पेला पिऊन पुरे म्हटलं, तशी आजोबांनी बादली उचलली आणि ते सरळ पिंपाकडे आले.

नंदिनीने पुढे पळून पिंपावर दोन्ही हात आडवे धरले. "आजोबा, हा रस कुठे चालला?"

"कुठे म्हणजे? पिंपात. उष्टा थोडाच आहे? चांगला रस ओतून द्यायचा का?"

"लिंबू पिळल्याला?" इलाही पुढे धावला. "रोज ह्यात ओततासा?"

काय घडलं ते मामाला कळलं. गणपतरावांना मात्र समजावून सांगावं लागलं. समजलं तेव्हा त्यांनी बादली खाली ठेवली आणि ते मटकन मोळीवर बसले.

लिंबाचा थेंबही न पडलेला पिंपातला बाकीचा रस काहिलीत गेला. संध्याकाळी इलाहीने पाक गार पाण्यात टाकला, त्याची गोळी काहिलीच्या काठावर मारली. टण्ण! वाफ्यात पिवळीधमक ढेप बसली. मामाने दोन्ही भाचरांच्या पाठीवर थाप मारली. "आमी म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी आळ घेतला, आन् तुमी पोरांनी लिंबाची बी शोधली. शाब्बास!"

गणपतराव सगळ्या गड्यांसमोर पुढे आले. "मी चारचौघांत आळ घेतला, म्हणून चारचौघांतच सांगतो. चूक माझी होती. इलाही, मला क्षमा कर."

इलाहीने लेकीकडे बोट केलं. "अण्णा, माझं सोडा. माझी लेक तितं हुबी हाय, तिला सांगा."

गणपतराव त्या पोरीपुढे जाऊन मान खाली घालून उभे राहिले. "तुझा बाप सच्चा आहे, पोरी," ते म्हणाले.

दोन दिवस रोशनबी कुणासमोर रडली नव्हती. आता मात्र तिने ओंजळीत तोंड लपवलं, आणि नंदिनी तिला बिलगून उभी राहिली.