अंगठ्यापासून सुरुवात

कारखान्याच्या फाटकात पूर्वी हाताचं बोट टेकवून हजेरी लागायची. आता उजवा पाय बुटासकट एका पाटावर ठेवायचा. पाटाखालचं यंत्र अंगठ्याच्या नखावरची पट्टी वाचायचं, हिरवा दिवा लागायचा आणि पडद्यावर अक्षरं उमटायची : ‘वेदना शून्य. कामास योग्य.’

सारिका होवाळे हे दोन वर्षं रोज वाचत होती. पहिल्या दिवशी ते वाचून तिला रडू आलं होतं. आता त्याचं काहीच वाटायचं नाही.

कोल्हापूरजवळच्या त्या ओतशाळेत ती लोखंडी सुटे भाग घासून गुळगुळीत करायची. पायात टोकाला पोलादी टोपी असलेले बूट सक्तीचे. बूट मापानं बायकांच्या पायाचे, पण घडण पुरुषांच्या पायाची आणि तीही निमुळती. त्यात सारिकाचा पाय चपलेत वाढलेला, पंजाला रुंद. तिचे वडील अप्पा चपला बनवायचे आणि म्हणायचे, “पाय खोटं बोलत न्हाई, माप घेणारा बोलतो.” बुटाच्या कारखान्यात अप्पांना कोण विचारतो?

नोकरीच्या पहिल्याच वर्षी अंगठ्याचं नख कडेनं मांसात रुतलं. सारिकानं सगळ्या बायका करतात तेच केलं : ब्लेड घेऊन कोपरा खोलवर कापला. चार दिवस बरं वाटलं. मग नख वाढताना आणखी आत शिरलं, पू झाला. डॉक्टरांनी कड काढली, रागावले. नख सरळ आडवं कापायचं, कोपरे कोरायचे नाहीत, कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवायचा, कडेखाली कापसाची वात सरकवायची आणि मुख्य म्हणजे बूट सैल घालायचा. सारिकानं पहिली चारही पथ्यं देवाच्या नेमासारखी पाळली. पाचवं तिच्या हातात नव्हतं. सहा वर्षांत तीनदा कड काढली, तीनदा नख पुन्हा रुतलं.

मग पट्टी आली. कागदोपत्री तिचं नाव ‘नखसंयमक’, बायका तिला मूकपट्टी म्हणायच्या. कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ. नखाच्या मुळाशी चिकटवायची. नख मांसाकडे वळलं की दाब ओळखून ती नखाची कड हळूहळू उचलायची आणि कड उचलली जाईपर्यंत तिथली नस गप्प करायची. पाच-दहा मिनिटांचं काम. सारिका त्या संध्याकाळी लंगडत न चालता घरी गेली, जाताना जिलेबी घेऊन गेली.

एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधी तिला करपल्याचा वास आला.

“कुणाचं काय जळाय लागलंय गं?” तिनं शेजारणीला विचारलं. दोघींनी इकडेतिकडे पाहिलं. शेजारीण एकदम किंचाळली. सारिकाच्या बुटाची अंगठ्याजवळची शिवण उसवली होती आणि तिथून धूर येत होता. लोखंडाचा एक तापलेला तुकडा आत जाऊन बसला होता. बूट काढला तेव्हा नायलॉनचा मोजा कातडीला चिकटून आला. सारिका ते दुसऱ्या कुणाचा पाय असल्यासारखं बघत राहिली.

कारखान्याच्या दवाखान्यात मुल्लाणी सिस्टरनी जखम धुतली आणि पट्टीची नोंद उघडली.

“सारिकाताई, ही दिवसाला साडेआठ तास चालू आहे. म्हणजे तुमची अख्खी पाळी. बूट दाबतोय, त्यामुळे नखाची कड काही उचलत नाही. आणि कड उचलत नाही म्हणून नस गप्पच.”

“मग आता पट्टी काढली की कळंल न्हवं?”

“कळेल कदाचित.” सिस्टरनी चिमट्यानं पट्टी सोडवली. “दोन वर्षं गप्प बसवलेली नस आहे. सांगता येत नाही.”

सुरक्षा अधिकारी खाडे साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली.

“साहेब, रुंद बूट मागवा. माझं ऱ्हाऊ दे, माझी पोरगी आठ दिवसांपूर्वी शिकाऊ म्हणून लागलीया.”

“मागवले असते हो. पण वर पुरावा द्यावा लागतो.” त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. चारशे बारा कामगार, चारशे बारा शून्यं. “बूट लागतो अशी एक तरी नोंद आहे का? आणि मुलीची काळजी सोडा. नव्यांना नवी पट्टी दिलीय. ती दाबाची वाटच बघत नाही, पहिल्या दिवसापासून चोवीस तास काम करते. नख रुतलं तरी त्रास म्हणून नाही.”

सारिकाला राग यायला हवा होता. तो कुठं तरी खोल असणार, पण वर येईना. डोक्यात एकच आलं : पुरावा पाहिजे ना, मग देऊ.

संध्याकाळी तिनं फळीवरून अप्पांची जाड पेन्सिल काढली, जमिनीवर कागद पसरला आणि लेकीला, ईश्वरीला, त्यावर पाय ठेवायला सांगितलं. हे माप बुटाच्या तळव्यावर ठेवायचं आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन आपटायचं. पाय किती बाहेर येतो ते आंधळ्यालाही दिसेल.

“बूट मस्त बसतात गं आई, कशाला माप?” ईश्वरी मोबाईल बघत उभी राहिली.

अप्पा नेहमी अंगठ्यापासून सुरुवात करायचे. ईश्वरीला तिथं भारी गुदगुल्या व्हायच्या. पेन्सिल अंगठ्याच्या कडेला लागली की खिदळून पाय ओढायची. तिच्या तिसऱ्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंतची सगळी मापं अप्पांनी जपून ठेवली होती आणि प्रत्येक कागदावर अंगठ्यापाशी रेघेला हिसका होता. अप्पा म्हणायचे, “ही आमच्या नातीची सही.”

सारिकानं पेन्सिल टेकवली. अंगठ्याच्या बाहेरच्या कडेनं वर, टोकावरून वळवून खाली, बोटांच्या बेचक्यापर्यंत नेली. रेघ सरळ आली. तिनं पुन्हा तशीच फिरवली. मग पेन्सिलीचं टोक अंगठ्याच्या मांसात दाबलं, जरा जास्तच दाबलं. कातडीला खळी पडली, पांढरी झाली.

सारिकानं पेन्सिल झटकन मागे घेतली. आज दिवसभरात पहिल्यांदाच तिला काहीतरी झालं होतं.

ईश्वरीनं मोबाईलमधून मान वर काढली नाही.

“आई, पाय अवघडला की माझा,” ती म्हणाली. “सुरू कधी करणार हाईस?”