म्हातारीचं नवं इंजिन

"बंद करा! आधी बंद करा ती!"

चढण लागायच्या जरा आधी मागून एक मालवाहू गाडी आली, तिच्यातून एका माणसाने उडी मारली आणि ओरडतच तो माझ्या खिडकीशी आला. ना ओळख, ना पाळख!

"काय बंद करू?"

"इंजिन! ठोकतंय, ऐकू येत नाही का? अजून थोडी चालवलीत तर रॉड इंजिन फोडून बाहेर येईल."

ऐकू येत होतं हो! हल्ली मला झोपेतसुद्धा तेच ऐकू येत होतं. पण आपल्या घरचं माणूस आजारी आहे हे आपल्याला ठाऊक असणं वेगळं, आणि भर रस्त्यात परक्याने ते ओरडून सांगणं वेगळं. मी इंजिन बंद केलं आणि बॉनेट उघडायला उतरले, तर हा आधीच आत हात घालून उभा!

"हात काढा," मी म्हणाले.

त्याने काढला. पाऊस भुरभुरत होता. त्याच्या भुवयांवर थेंब साठले होते, पण ते पुसायचं त्याला भान नव्हतं. तो आपला टक लावून बघत होता... गाडीकडे! माझ्याकडे नाही.

"कुणाची आहे?"

"माझी."

"तसं नाही... म्हणजे, चालवतं कोण?"

"आत्ता काय भूत चालवत होतं?"

तो हसला. गालाला खळी पडली, आणि मला आणखीच राग आला.

आता माझी बाजू ऐका. मी दूध संघाची गुरांची डॉक्टर. डोंगरावरच्या वस्त्यांतली सगळी जनावरं माझ्याकडे. वर जायला एकच कच्ची चढण, आणि ती चढणारी एकच गाडी, आमची फोर व्हील ड्राइव्ह जीप, चारही चाकांना जोर देणारी. ती आधी बाबांची होती. बाबाही गुरांचे डॉक्टर. मला सायकल यायच्या आधी त्यांनी बॉनेट उघडायला शिकवलं. ऑइल बदलणं, स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस भरणं, सगळं मीच करते. घरात तिला 'म्हातारी' म्हणतात. आम्ही म्हटलेलं चालतं. संघाचे चेअरमन मात्र तिला 'खटारा' म्हणायचे, आणि ते मला मुळीच खपायचं नाही.

याच चेअरमननी भर बैठकीत सांगितलं होतं, "महिनाअखेरीस सगळ्यांदेखत त्या खटाऱ्याने चढण चढून दाखवा. चढलात तर वरच्या वस्त्या तुमच्या, परत विषय काढणार नाही. नाहीतर नवीन डॉक्टर येतोय. नवी गाडी आहे त्याच्याकडे. शिवाय पुरुषमाणूस."

नवीन डॉक्टर म्हणजे त्यांचा भाचा, हे ओघानं आलंच.

तर, त्या ओरडणाऱ्या माणसाने दोर बांधून म्हातारीला आपल्या गॅरेजपर्यंत ओढत नेलं. त्याला सगळे 'इंजिनवाला' म्हणत. जुन्या गाड्यांत दुसरी इंजिनं बसवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही, असं ऐकून होते. नवीनच गॅरेज होतं. पत्र्याचं छप्पर, खाली तेलाने काळी पडलेली फरशी, पण भिंतीवर सगळे पाने उंचीप्रमाणे टांगलेले. "बघतो आणि कळवतो," तो म्हणाला. मी निघाले. दारातून एकदा मागे वळून बघितलं, तर तो मान वर करून माझ्याकडेच बघत होता. चला, निदान तेवढं तरी!

आणि त्याने कळवलं. कुणाला? माझ्या दादाला!

"अगं, तुझ्या त्या इंजिनवाल्याचा फोन होता," जेवताना दादा अगदी सहज म्हणाला. "दुसरं इंजिन टाकू का विचारत होता. मी म्हटलं, टाका."

ज्या दादाला टायर पंक्चर झाला तरी बायकोला हाक मारावी लागते, त्याने माझ्या गाडीचं इंजिन काढायला परवानगी दिली! माझ्या हातातला घास हातातच राहिला. बाबा पेपरच्या आड गालात हसत होते.

"तुम्हाला चालतं हे?" मी त्यांच्यावर उखडले.

"मला कशाला विचारतेस? गाडी तुझी आहे," बाबा म्हणाले. "जा. भांड जाऊन."

वहिनी म्हणाली, "आधी जेव, मग भांड." पण मी चपला घातल्यासुद्धा होत्या.

गॅरेजमध्ये म्हातारीचं बॉनेट नव्हतं, आणि बॉनेटखाली काहीच नव्हतं. नुसती पोकळी. आमचं इंजिन फरशीवर एका टायरवर ठेवलेलं. इंजिनवाला वेल्डिंगचा मास्क लावून मागच्या चाकांच्या, खाली काढून ठेवलेल्या ॲक्सलपाशी बसला होता.

"कुणाला विचारून काढलंत?"

त्याने मास्क वर केला. "तुमच्या भावाला..."

"गाडी भावाची आहे?"

"विम्याच्या कागदावर त्यांचा नंबर होता."

"आणि मला तोंड नव्हतं? माझा नंबर मागायला काय झालं होतं?"

"मागणारच होतो... निघालात तेव्हा. पण तुम्ही मागे वळून असं काही बघितलंत, की..."

"कसं?"

"आत्ता बघताय तसं."

मी नजर फरशीवरच्या इंजिनकडे वळवली. तो उठला, इंजिनपाशी गेला आणि म्हणाला, "या, बघा." मी वाकले. तो काय दाखवतोय ते मला दिसेना, तेव्हा त्याने माझं बोट धरलं आणि इंजिनच्या कडेवरून हळूच फिरवलं. बोटाला तडा लागला. केसाएवढा बारीक, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत. हा तडा सांधला जाणारा नव्हता, आणि हे मला त्याच्याइतकंच कळत होतं. डोळ्यांत पाणी आलं. आलं म्हणून त्याचाही राग आला. त्याने माझं बोट अजून सोडलं नव्हतं, आणि त्याचा राग मात्र का कोण जाणे, येईना.

"आता तुम्ही सांगा," तो म्हणाला. "बसवू का दुसरं? नको म्हणालात तर जसं आणलं तसं परत करतो."

"बसवा," मी म्हणाले. "पण नव्या इंजिनचा जोर जुन्या ॲक्सलला पेलणार नाही."

"म्हणून तर हा जाडा आणलाय. पाटे बसायच्या जागा तेवढ्या नव्याने वेल्ड करतोय." तो परत खाली बसला.

"माझं बोलून संपलेलं नाही!"

"बोला ना. ऐकतोय."

मग मी बोलले. त्याच्या अगदी समोर उभी राहून, कमरेवर हात ठेवून बोलले. दादावर बोलले, चेअरमनवर बोलले, गाडीत मी बसलेली असताना 'साहेब कुठायत?' म्हणून विचारणाऱ्या पंपावरच्या पोऱ्यांवर बोलले. तो ॲक्सल फिरवत होता, ठिणग्या उडत होत्या, मध्येच मास्क वर करून तो म्हणत होता, "मग? मग तुम्ही काय म्हणालात?" इतकं मन लावून माझं भांडण आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर रोज काम संपवून मी गॅरेजमध्येच जायला लागले. काम बरोबर चाललंय ना ते बघायला हं! मी पाने द्यायची, तो बोल्ट आवळायचा. चहा आला की तो माझ्या ग्लासची कड आपल्या शर्टाच्या आतल्या, स्वच्छ बाजूने पुसायचा. मी ते बघितलंच नाही असं दाखवायची.

"चालवून बघितलीत का?" महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी विचारलं.

"छे! जॅकवर चढवून चाकं फिरवली, फिरतायत. पण रस्त्यावर पहिला हात तुमचा. परत तुम्हाला न विचारता काही केलं, तर तुम्ही मला त्याच जॅकखाली घालाल."

बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फारच बरं वाटलं. म्हणून तो पहिला हात चढणीवरच, सगळ्यांदेखत लावायचं मी ठरवलं, आणि म्हातारी दोर बांधूनच चढणीच्या पायथ्याशी, दूध संघाच्या अंगणात आली.

अंगणात सगळे जमलेले. चेअरमन, दूध घालायला आलेली माणसं, ट्रॅक्टरवाले, आणि चकचकीत गाडीला टेकून उभा असलेला भाचा. तेवढ्यात वरच्या वस्तीवरच्या मावशींचा फोन आला. गाय अडली होती. वासराचा एकच पाय बाहेर आला होता.

"चला की मग," मी भाच्याला म्हणाले. "तुमची गाडी नवी आहे."

तो चढणीकडे बघून म्हणाला, "चिखल जरा वाळू दे."

गाय अडलीय, आणि हा चिखल वाळायची वाट बघतोय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी औषधांची पेटी मागे टाकली आणि चावी फिरवली. नवं इंजिन एका दमात सुरू झालं. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

म्हातारी मागे गेली. सरळ रिकाम्या कॅनच्या उतरंडीत. धडाधड कॅन गडगडले.

अंगण खो खो हसलं. मी गिअर तपासला. पहिलाच होता. परत क्लच सोडला. परत मागे!

"बाई," चेअरमन डोळे पुसत म्हणाले, "पुढचा गिअर कुठला आणि मागचा कुठला, तेवढं तरी शिकून यायचं!"

माझे कान तापले. इतकी वर्षं मी ही गाडी चालवतेय, आणि आज एकाही माणसाच्या मनात आलं नाही की चूक माझी नसेल.

"थांबा!" इंजिनवाला ओरडला. तो चिखलात आडवा होऊन गाडीखाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"डॉक्टरांची चूक नाही," तो मोठ्याने म्हणाला, शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असं. "मागचा ॲक्सल मी उलटा बसवलाय. वरची बाजू खाली गेलीय. म्हणून मागची चाकं उलटी फिरतायत."

हसू थांबलं. ट्रॅक्टरवाले एकमेकांकडे बघायला लागले. त्यातल्या दोघांची कामं त्याच्याकडे ठरली होती. हा गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. सगळ्यांनी मलाच हसून विषय संपवला असता. तरी हा बोलला... मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि त्याचा गळा धरावासाही वाटला.

"तुम्ही! तुम्ही ॲक्सल उलटा बसवलात?"

"हो."

"मागची चाकं सगळ्या गिअरमध्ये उलटी?"

"हो."

"मग रिव्हर्समध्ये?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. दुसऱ्या क्षणी आम्ही दोघं दोन बाजूंनी पुढच्या चाकांशी वाकलो होतो. रिव्हर्समध्ये पुढची चाकं मात्र मागेच फिरणार, म्हणजे मागच्यांशी भांडणार. त्यांच्यावरचे लॉक फिरवून ती इंजिनपासून मोकळी केली.

"बसा," मी म्हणाले.

"मी?"

"चूक तुमची. मग काय मी एकटीने भोगायची?"

छोट्या दांड्याने चढणीचा लो गिअर टाकला, मग मोठ्याने रिव्हर्स. आणि म्हातारी रिव्हर्समध्ये पुढे निघाली! चेअरमनच्या समोरून, भाच्याच्या चकचकीत गाडीला चिखल उडवत, रडल्यासारखा आवाज काढत, पण निघाली.

वळणावर मागची चाकं घसरायला लागली. मागे वजन हवं होतं. मी सांगायच्या आत तो उतरला, धावत जाऊन मागच्या बंपरवर चढला, छपराची सळई धरून उभा राहिला. चाकांनी जमीन धरली. आता आम्हाला एकमेकांशी ओरडूनच बोलावं लागत होतं.

"एवढी मोठी चूक झालीच कशी?" मी ओरडले.

"तुम्ही समोर उभ्या होता!"

"काय?"

"वेल्डिंग करताना! तुम्ही समोर उभ्या राहून भांडत होता! मी वर काय, खाली काय... बघितलंच नाही!"

"म्हणजे चूक माझी?"

"नाही! माझीच! पण माझं लक्ष..."

"ऐकू येत नाही!"

"म्हटलं, माझं लक्ष..."

चढण संपली. गोठ्याच्या दारात मावशी उभ्या होत्या. मी इंजिन बंद केलं, आणि त्या शांततेत मागून त्याचा आवाज खणखणीत आला, "तुमच्यावरून हलतच नाही! तुम्ही मला आवडता!"

झाडावरचे पक्षी उडाले. मावशींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बरं बाबा, आवडू दे," त्या म्हणाल्या. "आधी गाय बघा."

गाय बघितली. वासराचा दुसरा पाय आत दुमडला होता. मी खांद्यापर्यंत हात घालून तो सोडवला, त्याने मी सांगेन तेव्हा आणि मी सांगेन तेवढाच दोर ओढला. एकदाही मला न विचारता ओढला नाही. वासरू जमिनीवर आलं, शिंकलं, आणि गाय त्याला चाटायला लागली. चिखलाची हकीगत माझ्याकडून ऐकलेल्या मावशींनी पदराला हात पुसून चेअरमनना फोन लावला. "डॉक्टर पोचल्या, कालवड झाली. तुमच्या भाच्याला सांगा, चिखल सावकाश वाळू दे."

विषय संपला. वरच्या वस्त्या माझ्या.

आम्ही दोघं एकाच बादलीत हात धूत होतो. त्याचा साबण लागलेला हात माझ्या हाताला लागत होता, आणि कुणीच तो बाजूला घेत नव्हतं.

"मी... मघाशी जे ओरडलो..." तो म्हणाला.

"सगळ्या डोंगराने ऐकलं."

"तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"मी चिडलेय अजून. एवढी मोठी गोष्ट गाडीच्या मागे लटकून सांगतात? आधी सांगायला काय झालं होतं? रोज येत होते की मी!"

त्याची खळी परत दिसली. या वेळी मी बघितलं, आणि बघतेय हे त्याला दिसू दिलं.

"उद्या ॲक्सल सुलटा करून देतो," तो म्हणाला. "फक्त... वेल्डिंगच्या वेळी तुम्ही बाहेर बसाल का?"

बाहेर? गाडी माझी, माणूस माझा, आणि मी बाहेर बसू?

"मुळीच नाही," मी म्हणाले. "मी समोरच उभी राहणार. उद्याही आणि नंतरही. सवय करून घ्या."