चौदा नंबरची खाट

काम तसं सरळ होतं. रुग्णालयाचा जावा भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम हल्ली फार रखडायचा. कुठली खाट रिकामी आहे एवढं बघायला वॉर्डातल्या सिस्टर पडद्यापुढे ताटकळायच्या. म्हणून तळघरात बसणाऱ्या प्रोग्रॅमरबाईंनी डेटाबेसच्या पुढ्यात कॅश बसवली. कॅश म्हणजे पैसे नव्हेत हो, संगणकाची तात्पुरती आठवण. नोंद आधी आठवणीत पडणार, पडद्यावर चटकन दिसणार आणि दहा मिनिटांनी आपसूक डेटाबेसात, म्हणजे कायमच्या नोंदीत, उतरणार. दुपारी दोनला दोन्हींचं सूत जुळलं. बाईंचा धाकटा भाऊ अपेंडिक्स काढून वरच होता, चौदा नंबरला. काम उरकून त्याच्याकडे जायचं होतं.

अडीचला आठवणीत एक नोंद आली. खाट सहा, रिकामी, वेळ दोन चाळीस. नोंदवणाऱ्याचा रकाना कोरा. घड्याळ पुढे गेलं असेल, म्हणून बाईंनी कानाडोळा केला. दोन चाळीसला नोंद डेटाबेसात उतरली आणि वरून सिस्टरांचा फोन आला.

"मॅडम, सहा नंबरचे आजोबा गेले हो. आत्ताच. चांगले बोलत होते..."

योगायोग असेल, अशी बाईंनी मनाची समजूत घातली.

तीनला दुसरी नोंद आली. खाट चौदा, रिकामी, वेळ तीन दहा.

त्यांनी ती पुसली. परत आली. पुन्हा पुसली, पुन्हा आली, आणि वेळ तीच. पंख्यांची घरघर, तापलेल्या तारांचा वास. वर धावावं तर इथे कोण बघणार? त्यांनी भावाला मोबाइल लावला.

"मजेत आहे गं ताई. तू येतेयस ना?"

"येते... फोन हाताशी ठेव."

तीन नऊला त्यांनी आठवण आणि डेटाबेस यांच्यातला दुवाच तोडून टाकला. नोंद खाली उतरलीच नाही. डेटाबेसात चौदा नंबरसमोर भावाचं नाव शाबूत होतं. तीन दहा झाले, तीन बारा झाले. जीव भांड्यात पडला. त्यांनी टेबलावरच्या फोनवरून वॉर्डात विचारलं.

"सिस्टर, चौदा नंबर कसा आहे?"

"चौदा? रिकामी आहे की. पडद्यावर दिसतंय ना, मॅडम."

"पडदा राहू दे. खाटेकडे बघा."

"बघूनच सांगतेय... सकाळपासून कोणी नाहीये तिथे. आम्ही चादर घालतोय."

तेवढ्यात मोबाइल थरथरला. भाऊ होता. बाईंनी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"ताई," तो अगदी हळू बोलत होता, "मी केव्हाचा हाका मारतोय, माझ्याकडे कोणी बघतच नाहीये. आता तर तोंडावरूनच चादर..."

पुढचं ऐकू आलं नाही. टेबलावरच्या फोनवर मात्र सिस्टर कोणाला तरी सांगत होत्या, "नीट ओढ गं. मध्येच फुगतेय."