करंजदऱ्यातलं हसू

करंजदऱ्याच्या फाटकाशी आलं की आधी पाटीकडे बघायचं, मग बुटांच्या नाड्या आवळायच्या, ही सवय आता मुंबईच्या उत्तरेकडच्या सगळ्याच फिरणाऱ्यांच्या अंगवळणी पडली होती. पाटी हिरवी असली तर आत जायचं, पिवळी असली तर बेताबेतानं जायचं आणि तांबडी असली तर आल्या पावली परत फिरून घरी चहा प्यायचा. पाटीचा रंग माणूस ठरवत नसे, जंगल ठरवत असे. झाडांच्या खोडांवर आणि मातीत सुपारीएवढे श्रवणकण बसवलेले होते. चितळांचे इशारे, वानरांचं खाकरणं, सातभाई पक्ष्यांचा कलकलाट, खुरांची पळापळ असं सगळं ते टिपत आणि त्यावरून जंगल किती अस्वस्थ आहे याचा आकडा काढत. या यंत्रणेचं नाव ‘कानोसा’. नाव ठेवणाऱ्याला मराठी येत होतं, हे विशेष.

पाटकर सरांचा हास्यक्लब या जंगलात आला तो इतरत्र थारा न मिळाल्यामुळे. आधी ही मंडळी वॉर्डाच्या बागेत हसत. आजूबाजूच्या सोसायट्यांनी तक्रार केली. मग ती खाडीकाठच्या तिवरांच्या उद्यानात गेली, तर तिथले बगळे उडून समोरच्या काठावर जाऊन बसले. करंजदऱ्यातलं मोकळं माळरान मात्र त्यांना मानवलं. भोवती साग आणि करंज, मागे टेकडी, आणि हसायला कुणाची हरकत नाही.

कुमुदिनी वर्तक रोज नवऱ्याला हाताला धरून तिथे आणत. दामोदररावांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. अंग सावरलं, शब्द काही परत आले नाहीत. पण बोलण्याची आणि हसण्याची वाट मेंदूत एकच नसते, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि ते खरं निघालं. माळावर पाटकर सरांनी दोन्ही हात वर करून ‘हो हो, हा हा’ सुरू केलं की दामोदरराव पोटापासून, पूर्वीसारखेच खर्जात हसत. दिवसभरात तेवढाच काय तो त्यांचा आवाज कुमुदिनीबाईंच्या कानावर पडे, आणि त्यासाठी त्या दहिसरहून जंगलापर्यंतच काय, काशीपर्यंतसुद्धा चालत गेल्या असत्या.

एके दिवशी पाटी पिवळी दिसली. कुठलं तरी भटकं कुत्रं आत शिरलं होतं, एवढंच. पण दोन ठिकाणांहून हाकललेला माणूस ताकही फुंकून पितो.

“कुणी सांगायच्या आत आपणच शहाणं झालेलं बरं,” पाटकर सर म्हणाले. सर निवृत्त पीटी शिक्षक, त्यामुळे त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर कवायत तयार असे. “उद्यापासून मूक हास्य. तोंड पूर्ण उघडायचं, दात दिसले पाहिजेत, आवाज शून्य. पावलंसुद्धा न वाजवता टाकायची.”

“सर, यांना ते जमायचं नाही,” कुमुदिनीबाई म्हणाल्या.

“वहिनी, जंगलच बंद झालं तर काय जमणार आहे?”

दुसऱ्या दिवसापासून ही सगळी म्हातारी मंडळी चवड्यांवर चालत माळावर येऊ लागली आणि दात विचकून, हात उभारून, गोल करून उभी राहू लागली. दामोदरराव हसायला लागले की कुमुदिनीबाई हलकेच त्यांच्या ओठांवर बोट ठेवत. ते गप्प होऊन जमिनीकडे बघत, आणि बाईंना स्वतःचा विलक्षण राग येई.

एवढं करूनही पाटी रोज पिवळी. आठवडा संपता संपता तर ती नारिंगीकडे झुकली. तेव्हा जंगलाची शास्त्रज्ञ डॉ. केतकी भोये स्वतः त्यांच्याबरोबर आली. तिचं आजोळ याच जंगलातल्या पाड्यावरचं. तिनं हातातला, कानोशाचा आकडा दाखवणारा पडदा चालू केला आणि मूक हास्य पाहून ती अवाक झाली. पडद्यावरचा आकडा भराभर चढत होता.

दामोदररावांनी समोर पाहिलं. पाटकर सर जबडा फाकवून, डोळे वटारून, एका पायावर तोल सांभाळत होते. दामोदररावांना राहवलं नाही. ते हसले, मोठ्यानं, आठवड्याचं साठलेलं सगळं हसले. कुमुदिनीबाईंचा हात सवयीनं वर गेला, आणि त्यांनी तो मुद्दाम खाली घेतला. बंद तर बंद, असं त्यांच्या मनात आलं. मग त्याही हसल्या, आणि बघता बघता सगळा माळ हसू लागला.

“थांबू नका,” केतकी म्हणाली. “आकडा उतरतोय.”

सातभाई गप्प झाले. थोड्या वेळानं सागांच्या कडेला एक चितळ पाडसासह येऊन चरू लागलं.

“काकू, जंगलात गुपचूप कोण चालतं?” केतकीनं हसू दाबत विचारलं. “ज्याला शिकार करायची असते तो. तुम्ही वर दातही दाखवत होता. माझा आजा म्हणायचा, आवाज देऊन शिर, चोरावानी शिरू नको. माणसाचा गलबला असला की बिबट्या लांब राहतो, हे हरणांना कळतं. तुम्ही त्यांचं कुंपण आहात.”

पाटकर सरांनी ‘कुंपण’ हा शब्द एखाद्या पदकासारखा छातीवर मिरवला. क्लब पुन्हा जोरात सुरू झाला, पाटी हिरवीगार राहू लागली, आणि कुमुदिनीबाईंना इतकं सुख झालं की त्या घरी कांदा चिरतानासुद्धा गुणगुणत.

महिन्याभरानं केतकी परत आली. या वेळी ती हसत नव्हती.

“टेकडीवर बिबट्याची मादी आहे, दोन पिल्लं आहेत,” ती कुमुदिनीबाईंना बाजूला घेऊन म्हणाली. “सगळी चितळं तुमच्याभोवती गोळा झालीत. जंगलातल्या कॅमेऱ्यात मादी फार वाळलेली दिसते.”

“पण पाटी तर हिरवी आहे.”

“कानोसा आवाज मोजतो, काकू. ती आवाजच करत नाही. तिची उपासमार आमच्या आकड्यात येतच नाही.”

कुमुदिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आवाज नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं त्यांच्या घरीही येणारे-जाणारे समजतच होते. ‘काका अगदी शांत झालेत हो,’ असं म्हणून चहा पिऊन जात. त्या शांततेत काय असतं, ते त्यांना एकट्यांना ठाऊक होतं.

“मंगळवार आणि शनिवार आम्ही येणार नाही,” त्या म्हणाल्या. “पाटकर सरांशी मी बोलते. ते दोन दिवस तिचे.”

“आणि काका?”

“आम्ही आमच्या गॅलरीत हसू. शेजाऱ्यांना करू देत तक्रार.”

त्या माळाकडे परतल्या तेव्हा दामोदरराव हसून हसून थकले होते आणि टेकडीकडे टक लावून बघत होते. त्यांनी बोट दाखवलं. कुमुदिनीबाईंना तिथे नुसतं वाळलेलं गवत दिसलं, तरी त्या नवऱ्याला बिलगून उभ्या राहिल्या.

“अहो,” त्यांनी हळूच विचारलं, “आपलं हे हसणं तिला कसं ऐकू येत असेल?”