हिरडाटोल्याची हरकत

हिरडाटोल्यातला जुना तलाव बुजवून तिथे गोदाम बांधायचा ठराव मंगळवारी सकाळी सहा मिनिटांत मंजूर झाला. बाजूनं सहाशे बारा, विरोधात कुणीच नाही. मत द्यायला एकही माणूस घराबाहेर पडला नव्हता. नऊ वर्षांत तशी गरजच उरली नव्हती, कारण प्रत्येकाची मतछाया होती. डोक्याला तारांची टोपी घालून पाचशे प्रश्नांची उत्तरं एकदाच द्यायची; मेंदू कुठे होकार देतो, कुठे अडतो, हे संगणक टिपून घेई. त्यातून तयार झालेली मनाची ही नक्कल पुढे त्या माणसाच्या वतीनं मत देई.

चंद्रकला नेवारे पिठाची चक्की चालवायची. 'आपण ठरावाच्या बाजूनं मत दिलं, आभारी आहोत,' असा निरोप तिच्या फोनवर आला. तिनं चक्की बंद केली आणि तालुक्याचं छायाकेंद्र गाठलं.

"मी हो म्हटलंच नाही," ती म्हणाली.

तालुक्यातल्या सगळ्या छाया घडवणाऱ्या डॉ. कोलारकरांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "ताई, तुमची छाया शंभरात सत्त्याण्णव वेळा बरोबर ठरलीय. एवढ्या वर्षांत तुम्ही फक्त तीनदा तक्रार केली, तीही रस्त्याच्या दिव्यांबद्दल."

"बाकीचे निरोप मी वाचलेच नाहीत. आणि टोपी घातली तेव्हा आमचे हे शेजारी बसून होते, मॅडम. त्यांना आवडणार नाही असं काही तेव्हा माझ्या डोक्यात येतच नव्हतं. ते गेले, चक्की मी हाती घेतली. आता डोक्यात बरंच येते."

डॉक्टरांनी टोपी पुढे ओढली. "मग नवी छाया करू. आजच्या चंद्रकलाताईंची."

"अन् उद्या? उद्या मी काय म्हणीन, ते मलेच माहीत नाही. तुमच्या यंत्राले कुठून कळणार?"

डॉक्टरांनी नियमावली उघडली. त्यात एक नियम होता. एकाही माणसानं लेखी हरकत घेतली तर गावानं समक्ष मतदान करायचं. आजवर तशी वेळ आली नव्हती. चंद्रकलानं तिथेच अर्ज लिहिला.

रविवारी शाळेत लोक जमले. चिठ्ठ्या वाटल्या, आणि डॉ. कोलारकरांच्या टेबलासमोर आपोआप रांग लागली. सगळ्यांत पुढे निवृत्त शिक्षक उके गुरुजी होते.

"मॅडम, माझं मत काय आहे, तेवढं सांगा."

"आज छाया बंद आहे, गुरुजी. तुम्हीच ठरवा."

"पण चुकलं तर?"

"तुमचं स्वतःचं मत कसं चुकेल?"

"छायेशी जुळलं नाही तर चुकलंच ना!"

चंद्रकला पुढे झाली. "गुरुजी, तलाव बुजला तर तुमच्या विहिरीत पाणी कुठून येईल?"

चिठ्ठी तशीच हातात धरून गुरुजी बाकावर बसले आणि अर्ध्या तासानं ती कोरीच पेटीत टाकून निघून गेले.

विरोधात चौदा, बाजूनं तीन. बाकी सगळ्या कोऱ्या.

"कोऱ्या चिठ्ठीला छायेचं मत धरतात," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. ठराव पुन्हा मंजूर झाला.

"चौदा तर चौदा," चंद्रकला म्हणाली.

सोमवारी माती भरायची यंत्रं आली, तेव्हा ती तलावाच्या पाळीवर बसली होती. दुपारपर्यंत आणखी अकरा जण येऊन बसले. शेवटी आले उके गुरुजी. पाणी राखायचं कसं, यावरून पाळीवर बसलेल्यांत जोरात वाद चालला होता.

कंत्राटदारानं हातातल्या फोनचा पडदा गुरुजींपुढे धरला. "तुम्ही तर बाजूनं आहात! आणि हा केंद्राचा आजचा शेरा पाहा : छायेशी विसंगत वागणूक, दुरुस्ती आवश्यक."

गुरुजींनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"दुरुस्ती कुणाची? छायेची की माझी?"

कंत्राटदारानं पडद्यावरचा मजकूर वर-खाली सरकवून पाहिला. "माणसाची, असं लिहिलंय."

"मग घेऊन या तुमची टोपी," गुरुजी म्हणाले आणि मांडी घालून नीट बसले. "तोवर मी विचार करतोय."